लहान अंतराळ दुर्बिणीची अलाइनमेंट जमिनीवर, तीही नागपुरात, कशी तपासावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थ्यांचा गट लहान उपग्रहासाठी 150 मिमी व्यासाची रिची-क्रेटियन (दोन वक्र आरशांची) दुर्बीण बांधतो आहे. मुख्य आरसा एफ/2.5 (फोकल लांबी व्यासाच्या अडीच पट), पूर्ण दुर्बीण एफ/8, नळी अ‍ॅल्युमिनियमची. लेझर कोलिमेटरने आरसे जुळवले आहेत आणि कॉरिडॉरच्या टोकाला ठेवलेल्या कृत्रिम ताऱ्याची प्रतिमा चांगली दिसते. विचारलेल्या गोष्टी तीन. एवढी तपासणी पुरेशी आहे का? गुरुत्वाकर्षण आणि हवा नसतानाची स्थिती इथे कशी मोजायची? आणि यातले किती काम नागपुरात होईल?

पहिल्याचे उत्तर: नाही, पुरेशी नाही. बाकी दोन्हींची उत्तरे आकड्यांवर ठरतात, म्हणून आधी आकडे मांडू.

एफ/8 आणि 1200 मिमी फोकल लांबी, म्हणजे 550 नॅनोमीटरला एअरी चकतीचा (ताऱ्याच्या प्रतिमेच्या लहानात लहान ठिपक्याचा) व्यास 10.7 मायक्रॉन आणि फोकसची खोली साधारण ±70 मायक्रॉन. दुय्यम आरशाचे वर्धन 1200 भागिले 375, म्हणजे 3.2. दुय्यम आरसा अक्षावर जितका सरकतो, त्याच्या वर्धनाचा वर्ग अधिक एक, म्हणजे 11.2 पट फोकस सरकतो. म्हणून ±70 मायक्रॉनमध्ये राहायचे तर दोन आरशांमधले अंतर 6 मायक्रॉनच्या आत टिकले पाहिजे. फोकस मुख्य आरशाच्या 100 मिमी मागे धरला तर हे अंतर 262 मिमी येते. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे 23 मायक्रॉन वाढते, तेव्हा 262 मिमी नळी एका अंशाला 6 मायक्रॉन वाढणार. आरसे झेरोडूरचे (तापमानाने जवळजवळ न वाढणाऱ्या काचेचे) आणि नळी अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर एका अंश सेल्सिअसच्या फरकात तुमची फोकसची सगळी मुभा संपली. प्रयोगशाळा 24 अंशांवर असताना जुळवणी केली, मे महिन्यात दुपारी लाइट गेली आणि खोली 44 वर गेली, तर फोकस जवळजवळ 1.35 मिमी सरकलेला असेल.

ही दुर्बीण मुळात अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इन्वारच्या (फार कमी प्रसरण पावणाऱ्या लोह-निकेल मिश्रधातूच्या) तीन-चार सळ्यांनी दुय्यम आरसा धरला, तर तोच वीस अंशांचा फरक फोकस सुमारे 70 मायक्रॉनच हलवेल. दुसरा मार्ग म्हणजे आरसेही अ‍ॅल्युमिनियमचे करणे. मग सगळी दुर्बीण एकाच प्रमाणात लहान-मोठी होते आणि डिटेक्टरही त्याच धातूच्या रचनेत बसवला असेल तर फोकस जागेवर राहतो. मात्र त्यासाठी सर्व भागांचे तापमान सारखे असावे लागते, शिवाय दृश्य प्रकाशासाठी अ‍ॅल्युमिनियमवर निकेलचा थर देऊन पॉलिश करावे लागते. कार्बन फायबरची नळीही चालते, पण तिच्याबद्दल खाली वेगळे लिहिले आहे. विदर्भाच्या हवेत ती निराळाच त्रास देते.

लेझर आणि कॉरिडॉर कुठे कमी पडतात

लेझर कोलिमेटर फक्त एवढेच सांगतो की एक किरण आरशांच्या मध्यावर काढलेल्या खुणांवरून परत आला. ती खूण आरशाच्या प्रकाशीय अक्षावर आहे, हे गृहीतक आहे. आरशाचा घासलेला पृष्ठभाग आणि त्याची बाहेरची कड यांचे केंद्र 50–100 मायक्रॉनने वेगळे असणे नेहमीचेच. कोलिमेटर स्वतःही वाकडा असू शकतो. तो धारकात फिरवा, ठिपका वर्तुळ काढत असेल तर आधी त्याचे स्क्रू जुळवा. पुढच्या मोजणीत फ्रिंज (इंटरफेरोमीटरमधले काळे-उजळ पट्टे) दिसू लागतील इतक्या जवळ आणणे, एवढेच त्याचे काम.

कॉरिडॉरमधला तारा जास्त फसवतो. 50 मीटरवरच्या बिंदूची प्रतिमा अनंतावरच्या फोकसपेक्षा 1200 मिमीचा वर्ग भागिले 50 मीटर, म्हणजे जवळजवळ 29 मिमी मागे पडते. ती डिटेक्टरवर आणायला दुय्यम आरसा अडीच मिमीपेक्षा जास्त हलवावा लागतो आणि त्या जागेवर दुर्बिणीत गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण एका जागी न मिळणे) आपोआप येते. प्रतिमा छान दिसली तरी ती वेगळ्याच दुर्बिणीची प्रतिमा आहे. शिवाय जमिनीलगत आणि छतालगत हवेचे थर वेगळ्या तापमानाचे असतात आणि त्यांतून खोटे अ‍ॅस्टिग्मॅटिझम (तारा एका दिशेला ताणलेला दिसणे) उगवते. गच्चीवरून खऱ्या ताऱ्याकडे पाहणे अनंताच्या फोकससाठी बरे, पण तुमच्या दुर्बिणीची एअरी त्रिज्या 0.9 आर्क-सेकंद आहे आणि शहरावरची तापलेली हवा एवढा तपशील सहज खाऊन टाकते.

मोजणीची मांडणी

खरी मोजणी दुहेरी फेरीची: इंटरफेरोमीटरचा प्रकाश दुर्बिणीच्या फोकसमधून आत सोडायचा, तो समांतर होऊन पुढच्या सपाट आरशावर आपटतो आणि त्याच वाटेने परत येतो. लागणाऱ्या वस्तू: 633 नॅनोमीटरचा फिझो इंटरफेरोमीटर (प्रकाशलहरींच्या तुलनेतून चूक मोजणारे यंत्र), एफ/7.2 चा ट्रान्समिशन स्फिअर (त्याला जोडायचे भिंग; एफ/8 चा किरणशंकू पूर्ण भरायला तो थोडा रुंद हवा), किमान 160 मिमीचा, तरंगलांबीच्या विसाव्या भागाइतका अचूक सपाट आरसा, आणि दुय्यम आरशासाठी पाच दिशांत हलणारी तात्पुरती बैठक: तीन सरळ, दोन कलत्या. पायरी 1 मायक्रॉनची असावी. प्रकाश दुर्बिणीतून दोनदा जातो म्हणून चूक दुप्पट दिसते. सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण 0.5 टाकले आहे का हे प्रत्येक फाइलला तपासा. निकाल बरोबर दुप्पट किंवा निम्मा येणे ही या कामातली सगळ्यात सामान्य गफलत आहे.

लक्ष्य किती ठेवायचे? पूर्ण दुर्बिणीची वेव्हफ्रंट (प्रकाशतरंगाच्या आकारातली) चूक तरंगलांबीच्या चौदाव्या भागाच्या आत, वर्गमध्यमूळ मोजून. 550 नॅनोमीटरला हे 39 नॅनोमीटर होतात. त्यातला मोठा वाटा आरशांच्या घासकामात जातो, म्हणून अलाइनमेंटला 15 नॅनोमीटर धरून चाला. दुय्यम आरशाच्या आडव्या सरकण्याची मुभा मग दहाच्या काही पट मायक्रॉन आणि कलण्याची साधारण एक आर्क-मिनिट राहते. नेमके आकडे तुमच्या डिझाइनमधून काढा.

आता नवख्या गटांकडून हटकून होणारी चूक. अक्षावर कोमा (धूमकेतूसारखी शेपटी फुटलेली प्रतिमा) दिसतो. दुय्यम आरसा थोडा कलवला की कोमा जातो, फ्रिंज सरळ होतात आणि बैठक घट्ट करून काम संपले असे मानले जाते. पण आरसा बाजूला सरकल्याने आलेला कोमा त्याला कलवूनही शून्य करता येतो. अशा जोड्या अगणित आहेत: आरसा मुख्य आरशाच्या फोकसजवळच्या एका बिंदूभोवती कसाही फिरवा, अक्षावरचा कोमा बदलतच नाही. म्हणून मध्यबिंदू स्वच्छ असूनही दुर्बीण वाकडी असू शकते. ते वाकडेपण प्रतिमेच्या कोपऱ्यांत दिसते. एका कोपऱ्यात तारे आडवे ताणलेले, समोरच्या कोपऱ्यात उभे.

त्यामुळे मोजणी किमान पाच जागी हवी: मध्य आणि चार कोपरे. तुमचा डिटेक्टर 14 × 10 मिमीचा धरला तर कोपरा मध्यापासून सुमारे 8.6 मिमीवर, म्हणजे आकाशात 25 आर्क-मिनिटांवर येतो. इंटरफेरोमीटरचा फोकस त्या जागी न्या आणि सपाट आरसा त्याच 25 आर्क-मिनिटांनी कलवा, प्रकाश परत येईल. रिची-क्रेटियनमध्ये कोपऱ्यांत अ‍ॅस्टिग्मॅटिझम आणि फोकसची वक्रता डिझाइनमध्येच असते. तुलना शून्याशी करायची नाही, डिझाइनच्या आकड्याशी करायची. बरेचजण कोपऱ्यातले अ‍ॅस्टिग्मॅटिझम घालवायच्या नादात चांगली जुळलेली दुर्बीण बिघडवतात.

पद्धत अशी. आधी आहे त्या स्थितीत पाचही जागांचे झर्निके सहगुणक (कोणत्या प्रकारची चूक किती, हे सांगणारे आकडे) नोंदवा. मग दुय्यम आरसा मुद्दाम 20 मायक्रॉन उजवीकडे हलवा, पुन्हा पाच मोजण्या. परत आणा आणि मूळ आकडे परत येतात का पाहा. ते आले नाहीत तर बैठकीत खेळ आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही. असेच वर-खाली, दोन्ही कलांत आणि अक्षावर करा. यातून तुमच्या दुर्बिणीचे प्रत्यक्ष संवेदन-कोष्टक तयार होते. ते डिझाइन सॉफ्टवेअरमधल्या कोष्टकाशी ताडून बघा. चिन्हे उलटी असतील तर अक्षांच्या दिशा चुकल्या आहेत. मग लघुत्तम वर्ग पद्धतीने दुरुस्ती काढा, तिच्या सत्तर टक्के हलवा, पुन्हा मोजा. दोन-तीन फेऱ्यांत जुळते. पाच फेऱ्यांनंतरही जुळत नसेल तर दोष अलाइनमेंटचा नाही, आरशाच्या बैठकीतल्या ताणाचा आहे.

तो ताण ओळखायची खूण सोपी आहे: तीन पाकळ्यांची चूक, म्हणजे ट्रेफॉइल. आरसा तीन पॅडांवर चिकटवलेला असतो आणि चिकटद्रव सुकताना आकसतो. त्रिकोणाची टोके पॅडांच्या जागांशी जुळली की संशय पक्का. म्हणून आरसा चार वेळा मोजायचा: सुटा, पॅड चिकटवल्यावर, बैठकीत बसवल्यावर, आणि बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर. अंतराळकामात रुळलेला 2216 राखाडी इपॉक्सी साध्या खोलीत, 24 अंशांना, पूर्ण पक्का व्हायला सात दिवस घेतो. दुसऱ्या दिवशी हाताला घट्ट लागला म्हणून मोजणी केली, तर पुढच्या पाच दिवसांतले आकसणे मोजणीबाहेर राहील.

दुय्यम आरशाच्या सावलीमुळे तुमची चकती कंकणाकृती आहे, व्यासाच्या साधारण 35 टक्के मध्यभाग झाकलेला. पूर्ण वर्तुळाचे झर्निके इथे एकमेकांत मिसळतात, फोकस आणि गोलीय विपथन तर हमखास. सॉफ्टवेअरमध्ये कंकणाकृती झर्निके निवडा.

डिटेक्टरच्या कलावर मात्र फार वेळ घालवू नका. 7 मिमीवर 70 मायक्रॉन म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त मुभा. साधे शिम (फट भरणारे पातळ पत्रे) पुरतात.

मोजणाऱ्या साधनाची आधी परीक्षा

या सगळ्या कामात एकच गोष्ट पक्की धरा: जी मोजणी एकाच साधनाने झाली ती झालीच नाही असे समजा. हबलचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यातला खरा तपशील क्वचित सांगितला जातो. एप्रिल 1990 मध्ये सोडलेल्या त्या दुर्बिणीचा 2.4 मीटरचा आरसा अतिशय काटेकोर घासला होता, फक्त चुकीच्या आकाराला. कडेला तो सुमारे 2.2 मायक्रॉन जास्त सपाट होता. आरसा तपासणाऱ्या परावर्ती नल करेक्टरमधले एक भिंग 1.3 मिमी चुकीच्या जागी बसले होते. ते अंतर मोजण्याच्या सळीवर टोपी होती. टोपीवरचा काळा थर एका ठिकाणी उडालेला होता आणि प्रकाश सळीच्या टोकावरून परतण्याऐवजी तिथूनच परतला. याहून महत्त्वाचे असे की दुसऱ्या दोन साधनांनी, भिंगांच्या नल करेक्टरने आणि उलट्या नल करेक्टरने, गोलीय विपथन स्पष्ट दाखवले होते. ती साधने कमी अचूक म्हणून त्यांचे आकडे बाजूला सारले गेले. दुरुस्ती व्हायला डिसेंबर 1993 उजाडला.

जेम्स वेबच्या चाचणीत हा धडा नियोजनातच विणलेला दिसतो. 2017 मध्ये ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्रातल्या चेंबर ए मध्ये सुमारे शंभर दिवस ती दुर्बीण थंड करून तपासली. वक्रताकेंद्रावरून मुख्य आरशाच्या 18 तुकड्यांची मोजणी वेगळी, कॅमेरे फिरवून फोटोग्रामेट्रीने जागांची मोजणी वेगळी, आणि फोकसपाशी ठेवलेल्या स्रोताचा प्रकाश उलटा पाठवून वरच्या तीन सपाट आरशांवरून परत उपकरणांपर्यंत आणणारी मोजणी वेगळी. उपकरणांचा संच त्याआधी गोडार्ड केंद्रात दुर्बिणीची नक्कल करणाऱ्या स्रोतावर स्वतंत्र तपासला होता. एका पद्धतीत लपलेली चूक दुसरीत उघडी पडावी, अशी ही रचना आहे.

तुमच्या पातळीवर याचा अर्थ काय? सपाट आरसा स्वतःच्या अक्षाभोवती 90 अंश फिरवून मोजा. जो दोष त्याच्याबरोबर फिरतो तो त्याचा. मग फोकसच्या अलीकडे-पलीकडे 1 मिमीवर काढलेल्या प्रतिमांवरून वेव्हफ्रंट काढा. 1 मिमी म्हणजे एफ/8 ला साधारण साडेतीन तरंगांचा डिफोकस, गणिताला तो सोयीचा पडतो. याला इंटरफेरोमीटर लागत नाही, फक्त उड्डाणाचा डिटेक्टर आणि समांतर प्रकाश देणारा कोलिमेटर (वरचा लेझरचा नव्हे). दीड मीटर फोकल लांबीच्या कोलिमेटरला 5 मायक्रॉनचे छिद्र हवे. दोन पद्धतींचे कोमा आणि अ‍ॅस्टिग्मॅटिझम 10 नॅनोमीटरच्या आत जुळले तर पुढे जा. नाही जुळले तर थांबा आणि कारण सापडेपर्यंत कुठलाही स्क्रू हलवू नका. ‘हे साधन जरा ढोबळ आहे, सोडून द्या’ हे वाक्य अशा वेळी कोणी उच्चारले तर ते नोंदवहीत नावानिशी लिहून ठेवावे, इतके ते महाग पडू शकते.

सपाट आरसा पडताळायचा एक स्वस्त उपाय आहे. द्रवाचा पृष्ठभाग पृथ्वीच्या वक्रतेइतका सपाट असतो, 150 मिमी रुंदीत जेमतेम अर्धा नॅनोमीटर फुगवटा. उथळ रुंद थाळीत एरंडेल ओतून, इंटरफेरोमीटर खाली तोंड करून, त्याचा संदर्भ पृष्ठभाग तपासता येतो आणि मग त्यावरून आरसा. परावर्तन चार टक्केच असते. थाळी मोजायच्या भागापेक्षा बरीच मोठी घ्या, कारण कडेला द्रव वर चढतो. सिलिकॉन तेल मात्र प्रयोगशाळेत आणूसुद्धा नका. त्याचा पातळ थर सर्वत्र पसरतो आणि पुसून जात नाही. एरंडेलाची थाळीही उड्डाणाच्या आरशांच्या खोलीत नको.

वजन आणि हवा वजा करणे

दुर्बीण आडवी ठेवली की दुय्यम आरसा त्याच्या पायांसकट किंचित खाली लोंबतो, मुख्य आरसाही पॅडांवर बसतो. मोजणी झाली की पूर्ण दुर्बीण तिच्या अक्षाभोवती 180 अंश फिरवा आणि पुन्हा मोजा. दुर्बिणीच्या स्वतःच्या अक्षांत लिहिलेल्या दोन्ही निकालांची सरासरी म्हणजे कक्षेत दिसणारी स्थिती, आणि फरकाचा अर्धा भाग म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा वाटा. 90 आणि 270 अंशांनाही हेच करा. दोन जोड्यांमधून आलेल्या सरासऱ्या जुळल्या नाहीत तर काहीतरी सैल आहे, कारण लवचीक रचना सरळ रेषेत वागते, सैल बोल्ट तसा वागत नाही. अक्षावरची चूक यात निघत नाही. तिच्यासाठी दुर्बीण उभी करून एकदा वर, एकदा खाली तोंड अशी मोजावी लागते. मांडणी अवघड आहे, पण फोकस बदलण्याची सोय नसेल तर टाळू नका.

हवेचा प्रश्न तुमच्या बाबतीत एका भिंगावर अडतो. फक्त आरसे असतील तर हवा काढल्याने फोकस बदलत नाही. पण काचेचे वक्रीभवन हवेत आणि निर्वातात वेगळे भासते. हवेचा वक्रीभवनांक सुमारे 1.00027 आहे. 1200 मिमीची दुर्बीण पूर्ण भिंगांची असती, तर तेवढ्याने फोकस जवळजवळ 1 मिमी आत आला असता. तुमची मुभा 0.07 मिमी आहे हे आठवा. डिटेक्टरपुढे क्षेत्र सपाट करणारे भिंग असेल तर त्याचा वाटा लहान असेल, पण गणित करा. काचेच्या तक्त्यांमधले वक्रीभवनांक बहुधा हवेच्या सापेक्ष दिलेले असतात, डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये दाब शून्य करायला विसरू नका.

निर्वात कक्षात मोजताना सपाट आरसा दुर्बिणीसकट आत ठेवा आणि इंटरफेरोमीटर बाहेर. मग खिडकी फोकसजवळ, लहानशी पुरते. 10 मिमी जाडीची फ्यूज्ड सिलिका एफ/8 च्या किरणशंकूत फक्त 7 नॅनोमीटरच्या आसपास गोलीय विपथन घालते. फोकस मात्र 3 मिमीने मागे ढकलते, ते मांडणीत धरा. याउलट 160 मिमीची समांतर प्रकाशाची खिडकी तापमानातल्या फरकाने स्वतःच भिंग होऊन बसते.

इथे एक सापळा आहे. हवा काढली की कक्षाच्या दर चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा दाब येतो. अर्ध्या मीटरच्या दारावर हे दोन टन झाले. कक्ष आकसतो आणि आतली दुर्बीण बाहेरच्या इंटरफेरोमीटरपासून सरकते. हे सरकणे फोकसचा बदल म्हणून मोजले जाते. उपाय म्हणून डिटेक्टरच्या फ्लँजवर, आतच, एक संदर्भ गोल बसवा आणि फोकस त्याच्या तुलनेत मोजा.

कार्बन फायबरचा मुद्दा इथला. या पदार्थातले रेझिन हवेतली वाफ शोषून फुगते आणि निर्वातात ती सोडून आकसते. दशलक्षात 50 भागांचे आकुंचन धरले तरी 262 मिमीला 13 मायक्रॉन, म्हणजे फोकसमध्ये जवळजवळ दीडशे मायक्रॉन. नागपुरात नवतप्यातली कोरडी हवा आणि श्रावणातली दमट हवा यांत इतके अंतर आहे की तापमान तेच असूनही तीच नळी दोन महिन्यांत दोन वेगवेगळे फोकस दाखवेल. म्हणून अशी नळी आधी भट्टीत वाळवायची, वजन स्थिर होईपर्यंत तोलायची, आणि नंतर कायम कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवायची.

नागपुरातली प्रयोगशाळा

कूलर बंद. हे पहिले. इंटरफेरोमीटरच्या शेजारच्या खोलीतलाही बंद, कारण त्याची मोटर खिडकीच्या चौकटीतून भिंतीला आणि भिंतीतून टेबलाला हलवते. शिवाय तो ओली हवा आणि पाण्यातले क्षार आत फेकतो. एसी 24 वर लावला म्हणून खोली 24 ला नसते. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना एक-दोन अंशांचा झोका येतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत तेवढ्यात फोकस 70 ते 140 मायक्रॉन झुलतो. पूर्ण मांडणीवर थर्मोकोलच्या पाट्यांची पेटी करा, नळीवर चार ठिकाणी पीटी-100 सेन्सर लावा आणि तासाला 0.1 अंशापेक्षा कमी बदल झाल्यावरच मोजा. त्याला रात्रभर लागतो. नळीच्या वरच्या-खालच्या बाजूंमध्ये एका अंशाचा फरक राहिला तरी दुय्यम आरसा फक्त 4 मायक्रॉन बाजूला जातो, त्याची फार चिंता नको. सरासरी तापमानाची करा.

मोजायची वेळ पहाटे दोन ते पाच. रहदारी कमी, व्होल्टेज स्थिर. टप्प्याटप्प्याने सरकवून मोजणारा साधा इंटरफेरोमीटर कंपनाने लगेच बिघडतो आणि चित्रात फ्रिंजच्या दुप्पट वारंवारतेच्या लाटा दिसू लागतात. त्या दिसल्या तर मोजण्यांचा तो संच टाकून द्या. शंभर मोजण्यांची सरासरी घेतल्यावर हवेची हालचाल पुरेशी पुसली जाते. एका क्षणात मोजणारा इंटरफेरोमीटर उसना मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर शॅक-हार्टमन सेन्सर (लहान भिंगांच्या जाळीने वेव्हफ्रंट मोजणारा) कंपनाला बऱ्यापैकी दाद देत नाही.

अंतिम जुळवणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. त्या दिवसांत बंद खोली आपसूक विशीच्या आसपास राहते, हवा कोरडी असते, आणि दुर्बिणीचे कक्षेतले तापमानही हीटरने 20 अंशांना धरले तर जमीन आणि कक्षा यांतला फरक जवळजवळ मिटतो. पावसाळ्यात उघड्या भिंगांवर बुरशी येते, सिलिका जेलच्या डब्याशिवाय काही ठेवू नका. धुळीसाठी वर्ग 10,000 ची खोली नसेल तर निदान लॅमिनार फ्लो बेंच हवा. अतिनील किरणांत काम असेल तर मात्र हे पुरणार नाही. अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या यूव्हीआयटी (अतिनील) दुर्बिणींची झाकणे 28 सप्टेंबर 2015 च्या उड्डाणानंतर सुमारे दोन महिन्यांनी उघडली, ती उपग्रहातून निघणाऱ्या वाफा आरशांवर बसू नयेत म्हणूनच. पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेत घडलेली आदित्य-एल1 वरची सूट दुर्बीणही 200 ते 400 नॅनोमीटरची. तिथे चौदाव्या भागाची मुभा 250 नॅनोमीटरला 18 नॅनोमीटरवर येते आणि रेणूंचा अदृश्य थरही प्रकाश गिळतो. दुर्बिणीत जाणारा प्रत्येक चिकटद्रव, वायर आणि रंग 125 अंशांना 24 तास निर्वातात ठेवल्यावर एकूण 1 टक्क्यापेक्षा कमी वजन गमावणारा आणि 0.1 टक्क्यापेक्षा कमी वाफ दुसरीकडे जमवणारा असावा, ही रूढ अट तुम्हालाही लागू आहे.

जुळवणी झाली की तात्पुरती बैठक काढायची. स्प्रिंग आणि स्क्रूवर दुय्यम आरसा ठेवून उड्डाण करू नका, रॉकेटच्या कंपनात तो हलणारच. राहिलेल्या फटींची जाडी मोजून तेवढे शिम घासून घ्या. त्यासाठी 2–3 मायक्रॉन अचूकतेचे सीएमएम (तीन अक्षांत मापे घेणारे यंत्र) लागते, हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत टूलरूमकडे चौकशी करा. शिम घालून बोल्ट आवळा, पुन्हा पाच जागी मोजा, मग बोल्टच्या डोक्यांना इपॉक्सी.

नळीच्या मुळाशी 20–25 मिमीचा आरसेदार काचेचा घन चिकटवा. दुर्बिणीचा अक्ष आणि घनाचे पृष्ठ यांतला कोन दोन थिओडोलाइटनी (कोन मोजणाऱ्या उपकरणांनी) नोंदवा, एकदा एका क्रमाने आणि एकदा उलट क्रमाने. बेरीज 3 आर्क-सेकंदांच्या आत बंद झाली पाहिजे. पुढे उपग्रहावर स्टार सेन्सरशी नाते याच घनावरून जोडले जाईल, तेव्हा दुर्बिणीत डोकवायची संधी नसेल.

मग बाहेरची कामे: कंपन चाचणी आणि तापमान-निर्वात चाचणी. यांची सोय नागपुरात शोधण्यापेक्षा बंगळुरू-हैदराबादकडे वेळ मागून घ्या. कंपनाच्या प्रत्येक अक्षाआधी आणि नंतर हलक्या साइन फेरीने नैसर्गिक वारंवारता बघा. ती 5 टक्क्यांहून जास्त सरकली तर काहीतरी सैल झाले, तिथेच थांबा. घनाचे कोन आणि वेव्हफ्रंट तिन्ही अक्षांनंतर मोजा. बदल मुभेच्या एक-तृतीयांशाच्या आत असावा.

बंगळुरूला राष्ट्रीय महामार्ग 44 ने हजार-अकराशे किलोमीटर आहे. खोक्यात धक्के नोंदवणारा लॉगर, तापमान नोंदवणारा लॉगर आणि नायट्रोजन भरलेल्या पिशवीत आर्द्रतेची रंग बदलणारी चिठ्ठी ठेवा. उन्हाळ्यात बंद ट्रक नेऊ नका, उभ्या ट्रकच्या आत बाहेरच्या पंचेचाळिसापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि इपॉक्सी मऊ पडू लागतो. निघण्यापूर्वी घनाची मोजणी, पोहोचल्यावर रात्रभर खोक्यातच थंड होऊ द्या, मग उघडून तीच मोजणी. दोन्ही आकडे जुळले तरच कंपन टेबलावर चढवा. जुळले नाहीत तर कारण प्रवासात आहे आणि लॉगरची नोंद ते सांगेल.

फोकस हलवण्याची यंत्रणा ठेवावी का, हा शेवटचा निर्णय वरच्या आकड्यांवरून घ्या. इन्वारची रचना, हीटरने ±2 अंश, आणि उभ्या मोजणीतून आलेला गुरुत्वाकर्षणाचा वाटा वजा केलेला असेल, तर तुमची दुर्बीण यंत्रणेशिवाय जाऊ शकते. अ‍ॅल्युमिनियमची नळीच ठेवणार असाल तर यंत्रणा हवीच, आणि तिची पायरी दुय्यम आरशावर 2 मायक्रॉनपेक्षा मोठी नको.